मार दिलास का?

१० नोव्हेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवी रोजनिशी. जुनी वही गिरगावच्या क्लिनिकात माझ्या खणातच राहिली, कारण मालकाने एका सकाळी शटर ओढलं ते ओढलंच. तिच्यात त्याला घातलेल्या शिव्या आता त्यानेच वाचाव्यात.

आजपासून मी परळच्या एका स्कॅन सेंटरमध्ये सीटी टेक्निशियन. आजवर एक्स-रे काढले, आता सीटी, म्हणजे आमच्या धंद्यात बढतीच. हे सगळं सुमेधाताईमुळे. वरळीच्या बीडीडी चाळीत तिची आणि आमची खोली शेजारी-शेजारी. मधली भिंत एकच, आमच्याकडे फोडणी बसली की ठसका तिला लागायचा. चार वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून माझ्या उजव्या हासळीचं हाड मोडलं, तेव्हा हॉस्पिटलात आईच्या बरोबरीने तीच बसून होती. सख्ख्या बहिणीने एवढं केलं नसतं. दिवाळीच्या आठवड्यात तिचा मेसेज आला: आमच्याकडे जागा आहे. ये. बस, एवढंच. एरवी नुसता 'जय भीम' घालायला पाल्हाळ लावणारी बाई! घाईत असेल म्हटलं.

सेंटर चकचकीत आहे. मशीन म्हणजे उभा केलेला अवाढव्य मेदूवडा, भोकातून पेशंट आत जातो. आम्ही शेजारच्या कन्सोलच्या खोलीत, शिशाच्या काचेमागे. दारही शिशाचं. ते लावलं की इकडची हाक तिकडे जात नाही, माइकचं बटण दाबूनच बोलावं लागतं.

मुलाखत अशी झालीच नाही. पेशंटच्या फॉर्मवरचा प्रश्न ताईने मालकांसमोर मला हसत विचारला, अंगात धातू आहे का? आणि उत्तरही तिनेच देऊन टाकलं, आहे ना, हासळीत प्लेट! सगळे हसले. तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र नावाला धातू नाही. कानात नाही, गळ्यात नाही, चष्म्याच्या काड्या प्लास्टिकच्या. उजव्या मनगटाला बँडेज होतं. गाठ होती, काढून टाकली म्हणाली. संध्याकाळी तिची अपूर्वा शाळेतून परस्पर तिथेच आली. दातांना तारा बसवल्यात म्हणून हसताना तोंडावर हात धरते. मी तिला म्हटलं, बाई, मशीनजवळ जाऊ नकोस, चिकटशील. ताई मात्र हसली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल दिवसभर एकच वाक्य कानावर पडलं, मार दिलास का? मला वाटलं पेशंटला मार द्यायचा!

भानगड अशी. अंगात स्टीलचा गुडघा, स्क्रू, प्लेट असं काही असलं की किरण तिथे अडतात, आणि फोटोत धातूभोवती पांढऱ्या-काळ्या रेघा फुटतात. चांदणीसारख्या. त्या रेघांखाली खरं काय आहे ते डॉक्टरला दिसत नाही. म्हणून कन्सोलवर एक बटण आहे, त्यावर इंग्रजीत एम, ए, आर. सगळे मिळून त्याला 'मार' म्हणतात. मार दिला की कॉम्प्युटर धातूने खराब केलेला भाग काढून टाकतो, आजूबाजूला काय आहे ते पाहून तिथे काय असेल याचा अंदाज बांधतो आणि भरून टाकतो. ताईने झकास समजावलं. म्हणाली, चाळीत एखाद्याचं दार बंद असलं की आपण शेजाऱ्याला विचारतो ना, आत कोण आहे म्हणून? तसं. मी म्हटलं, आणि शेजाऱ्याने खोटं सांगितलं तर? ती म्हणाली, शेजारी खोटं कशाला सांगेल.

आज वरळी कोळीवाड्यातल्या जाईबाई आल्या होत्या. दोन्ही खुबे बदललेले, नथ उतरवायला तयार नाहीत. मार म्हणजे काय गो, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तर म्हणाल्या, मेल्या घोवान जल्मभर दिला, आता मशीनपन देते काय! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या दोन खुब्यांमध्ये जाड काळा पट्टा होता. मी बघत बसले तर ताईने मागून हात घालून बटण दाबलं. आधी मार दे, मग बघ, म्हणाली. कच्च्या फोटोत दिसतं ते माणसात नसतं, चित्रात असतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काम हाताला बसलं. आमच्याकडे धातूवाले पेशंट फार. दिवसभर मी मार देत असते. रिपोर्ट करणाऱ्या शेफाली मॅडम दुसऱ्या मजल्यावर बसतात, त्यांना फक्त मार दिलेले फोटो जातात. कच्चे आम्हीच लगेच पुसतो. दोन्ही पाठवायला नकोत का, असं मी विचारलं तर ताई म्हणाली, इथली पद्धत आहे. पद्धत म्हटलं की माणसाची अक्कल गहाण पडते.

जेवताना प्रितीचा विषय निघाला. गिरगावच्या क्लिनिकातली माझी मैत्रीण. ती अजून घरीच बसली आहे. महिला गोविंदा पथकात तिसऱ्या थरावरून पडलेली, हातात रॉड, तरी दरवर्षी सरावाला हजर. ताईने दोनदा विचारलं, कोणत्या हातात? बाहेरच्या कुणाचीही विचारपूस करण्याइतकी ती मायाळू आहेच.

उजवा खांदा जरा धरतोय. माउसची सवय नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. आईला कामाबद्दल सांगत होते. मार शब्द ऐकून ती भाजी निवडता निवडता थांबली. म्हणाली, अगं, तथागतांच्या पुढे आला होता तोही मारच. लहानपणी विहारात ऐकलेली गोष्ट तिने पुन्हा सांगितली. तथागत बोधिवृक्षाखाली बसलेले, मार सैन्य घेऊन आला, सोंगं घेतली, भीती घातली. तथागतांनी शस्त्र उचललं नाही. फक्त म्हणाले, मारा, मी तुला पाहिलं आहे. तेवढ्याने त्याचं बळ गेलं आणि तो मान खाली घालून निघून गेला. आई लगेच म्हणाली, ते काही भूतबीत नव्हतं हं, आपल्याच मनातले विकार ते. आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही, हे वेगळं सांगायला नको.

प्लेट गार लागते. कातडीवरून हात फिरवला तर त्या जागी बर्फाचा तुकडा धरल्यासारखं वाटतं. थंडी पडतेय म्हणायची.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी एक जण आला. निमेश. माझ्या आधी याच खुर्चीत बसायचा, आता सोडून गेलाय. उजव्या नडगीत रॉड. पाय दुखतो म्हणून डॉक्टरची चिठ्ठीही न आणता आला. ताई जेवायला गेली होती, मी त्याला टेबलावर घेतलं. माझा हात धरून त्याने विचारलं, तुझ्यात कुठे आहे? मी न कळून हासळी दाखवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने डोळे मिटले. म्हणाला, गिरगावात राहतो, रोज सकाळी भुलेश्वरला कामाला निघतो आणि पाय इकडे आणून सोडतो. मन चर्नी रोडला असतं, पाय परळला. मग म्हणाला, आज मार मत देना, उसको दिखने दे. एक बार कोई तो देखे.

मी स्कॅन केला. कच्चा फोटो आला.

रेघा होत्या. पण चांदणी नव्हती. रॉडच्या एका बाजूला चार काळ्या, लांब, वाकलेल्या. दुसऱ्या बाजूला एक, जाड, आखूड. आपण बसमध्ये दांडा धरतो तसा तो रॉड कुणीतरी धरलेला होता. सीटीत पाय पावाच्या कापांसारखा एकेक काप करून दिसतो. मी पुढच्या कापात गेले, त्याच्या पुढच्या कापात गेले. पकड तीच. मध्येच एका कापात चारमधलं एक बोट सरकलं.

तेवढ्यात ताई आली. तिने एका हाताने मला बाजूला सारलं, मार दिला आणि कच्चा फोटो पुसला. नडगी स्वच्छ, रॉड स्वच्छ. निमेश काचेपलीकडून बघत होता. त्याला कळलं. टेबलावर पडून तो लहान मुलासारखा रडला. शेफाली मॅडमचा रिपोर्ट, सर्व काही नॉर्मल.



२९ नोव्हेंबर, शनिवार

निमेश गेला. काल सकाळी सेंटरसमोरचा रस्ता ओलांडताना मध्येच थांबला. पाहणारे म्हणतात, सगळे ओरडत होते, ट्रकवाला भोंगा वाजवत होता. त्याने दोन्ही हातांनी उजवी मांडी ओढली. पाय उचललाच नाही.

मी आज धातूवाला पेशंट घेतला नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खांदा दुखतोय असं तोंडावर आलं होतं, पण ताई माझ्याकडे इतकी टक लावून बघत होती की गिळलं.

१ डिसेंबर, सोमवार

आईला म्हटलं, ही प्लेट काढून टाकते. आई सहज म्हणाली, अगं, ती तर तेव्हाच काढायची होती. दीड वर्षाने या, काढू, असं डॉक्टर म्हणाले होते. पण सुमेधा एक्स-रे घेऊन घरी आली आणि म्हणाली, काकू, त्रास नाही ना, मग पोरीला पुन्हा कशाला कापता, राहू दे. म्हणून राहू दिली.

मी विचारलं, ताई तेव्हा कुठे कामाला होती? आई म्हणाली, ह्याच सेंटरला, नुकतीच लागली होती ना.

जेवण गेलं नाही. मधल्या भिंतीपलीकडे ताईचा कुकर शिट्ट्या देत होता. लहानपणी मला भीती वाटली की मी त्या भिंतीवर टकटक करायचे आणि ती उलट टकटक करायची.

आज मी टकटक केली नाही. पण झोपायला टेकले तेव्हा माझा उजवा हात भिंतीवर वाजत होता. मी नाही. हात.

६ डिसेंबर, शनिवार

दादरला दरवर्षीप्रमाणे चाळीचा पुरीभाजीचा स्टॉल. गावोगावची माणसं पांढऱ्या कपड्यांत, पाय धुळीने भरलेले, हातात पत्रावळ. मी आणि ताई दरवर्षी शेजारी उभ्या राहून वाढतो. आजही राहिलो. वाढता वाढता मी विचारलं, माझी प्लेट कुणासाठी ठेवलीस?

ती पुरी वाढत राहिली. मग मान खाली घालून सगळं बोलली.

मार दिला की जे पुसलं जातं ते जातं कुठे? पुसणाऱ्याला चिकटतं. अंगात धातू नसेल तर त्याला धरायला काही सापडत नाही, निसटून जातं. असला की तिथे धरतं. तिच्या मनगटात पिन होती, निमेशच्या पायात रॉड. दोघांनाही धरलं. डॉक्टरांना दाखवावं तर फोटोत काही नाही. काढायला जावं तर तिचा हात ऑपरेशनच्या कागदावर सही करीना. आपल्या जागी आपणच दुसरं कुणी बोलावल्याशिवाय ते सोडत नाही. निमेशने कुणालाही बोलावलं नाही. शेवटपर्यंत नाही. मी येते म्हटलं त्या आठवड्यात तिच्या मनगटातली बोटं सुटली आणि तिने पिन काढून घेतली. गाठ कसली आणि काय कसलं.

मी विचारलं, म्हणजे तेव्हापासूनच मला राखून ठेवलं होतंस? कधीतरी लागेल म्हणून माळ्यावर भांडं टाकून ठेवतात तसं? तिने पुढच्या माणसाची पत्रावळ भरली. हो म्हणाली असती तर मी एकदाच मेले असते.

मग रडत म्हणाली, प्लेट राहू दे म्हणाले ते माझं पाप. पण तो मेसेज मी नाही गं लिहिला. हाताने लिहिला. मी उठले तेव्हा तो गेलेला होता आणि तू हो म्हणून मोकळी झाली होतीस.

असं निर्लज्ज कारण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, हो का? हात कुणाचा होता मग, माझ्या आईचा? जिच्या खांद्यावर मान टाकून मी लहानाची मोठी झाले त्या बाईने केसाने गळा कापला माझा. मी पळी टाकली आणि गर्दीत शिरले. मागून ती हाका मारत होती. रश्मी, अगं रश्मी.

९ डिसेंबर, मंगळवार

सर्जनला भेटले. प्लेट काढायची तर ताजा सीटी आणा म्हणाले. दुसरीकडे गेले असते. पण मला कच्चा फोटो हवा होता आणि तो दुसरीकडे कोण दाखवणार? मला तो बघायचा होता. आईची गोष्ट डोक्यात होती. पाहिलं तुला, एवढं म्हणायचं होतं. हसा हवं तर. निमेशलाही तेवढंच हवं होतं.

ताईने अपूर्वाच्या डोक्याची शपथ घेतली. एवढं तरी मला करू दे म्हणाली, मार देणार नाही, तू स्वतः बघ. मी पुन्हा विश्वास ठेवला. शहाणपण उशिरा येतं म्हणतात, मला आलंच नाही.

टेबलावर आडवी झाले. श्वास रोखा, श्वास सोडा. काचेपलीकडे ताईचा चेहरा दिसत होता. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. मग बटण दाबलं.

मी धावत आत गेले. फोटो घासूनपुसून लख्ख. कच्चा गेलेला.

ती भिंतीला टेकून म्हणाली, तुझ्यातून निघालं तर कुठे जाईल गं? माझ्या पोरीच्या तोंडात तारा आहेत. ती रोज इथे येते.

मॅडम म्हणाल्या, नॉर्मल. सर्जन म्हणाले, हाड छान धरलंय, उगाच कापू नका. आईने सुस्कारा सोडला आणि गोड शिरा केला.

शेजारी खोटं कशाला सांगेल.

११ डिसेंबर

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वेडंवाकडं. उजवा ऐकत नाही — म्हणजे ऐकतो, पण माझं नाही.

सकाळी कामावर जायचं नव्हतं. बस आली, मी चढले नाही. उजव्या हाताने दांडा धरला आणि मला ओढून घेतलं. कंडक्टर म्हणाला, मॅडम, सांभाळून.

आत मोजता येतात. हासळीवर चार. खाली एक. मी श्वास घेतला की — घट्ट.

आईला सांगितलं. तिने रिपोर्ट समोर धरला. बघ, नॉर्मल लिहिलंय ना. पोरी, आपण असलं काही मानत नाही.

मीही मानत नव्हते.

१२ डिसेंबर, सकाळी

फोन उशाशी होता. उठले तर उजव्या हातात. प्रितीला मेसेज गेलेला.

आमच्याकडे जागा आहे. ये.

मी नाही लिहिला. शपथ घेते, मी नाही —

ताई हेच म्हणाली होती. ह्याच शब्दांत. मी तिला काय काय बोलले.

प्रितीचं उत्तर, खाली नाचणाऱ्या बाहुल्या. येते! आजच येते! तू ग्रेट आहेस यार.

फोन लावला. उजव्याने कापला. पुन्हा लावला. उजव्याने फोन नळाखाली धरला, बंद पडेपर्यंत.

निमेशने कुणालाही बोलावलं नाही. रस्त्यात उभा राहिला पण नाही बोलावलं. मीही नाही बोलावणार. वाटेल ते होऊ दे, प्रिती ह्या खुर्चीत बसणार नाही.

१२ डिसेंबर, सेंटर

हाताने आणलं. कन्सोलच्या खोलीत आहे. ताईने बाहेरून दार लावलं. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

काचेपलीकडे प्रिती. नवा ड्रेस. ताई तिला मशीन दाखवतेय. प्रिती हसतेय. दंडावर बोट ठेवून दाखवतेय, रॉड कुठे आहे ते —

ओरडले. तिकडे जात नाही. माइकचं बटण उजवीकडे. उजव्या हाताने झाकून ठेवलंय. सोडत नाही. चावले. रक्त आलं. सोडत नाही.

खांद्यात बोटं सैल होतायत. एक सुटलं. किती हलकं वाटतंय — नको, नको, असं सुटायला नको —

प्रितीने हात हलवला. मला पाहिलं तिने.

वहीचं पान काचेला लावते. मोठ्या अक्षरात. एवढंच कळवायचंय तिला, की येऊ नकोस. उजवा हात बटण सोडून इकडे येतोय. दोनच शब्द, लवकर —

प्रिती, ये